पुन्हा लावा! : हेवीवेटची थोरवी आणि रिमॅचचा न्याय

गिरणेच्या काठावर माझं आजोळ. चैत्रात तिथे यात्रा भरते आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्या असतात. दुपारी नारळावर पोरासोरांच्या जोडी लागतात, मग स्टीलच्या भांड्यांवर, मग रोख इनामावर, आणि ऊन कललं की शेवटची मानाची कुस्ती. मी नववीत होतो त्या वर्षी शेवटून दुसऱ्या कुस्तीत घोळ झाला. एकाने ढाक लावली, दुसरा पडला, पण पूर्ण पाठ टेकली की नुसता एक खांदा टेकला, यावरून सगळं मैदान उभं राहिलं. पंच होते माझे नानामामा. त्यांनी चितपट दिली. लगेच एका बाजूने ओरडा सुरू झाला, "पाठ लागनीच नही! परत लावा!"

कमिटीतले लोक हौदात उतरले. कोणी नानामामांचा हात धरून समजावतंय, कोणी टोपी काढून पुन्हा घालतंय. अर्ध्या तासाने कुस्ती परत लावली. ती वीस मिनिटं चालली, कोणीच पडेना, म्हणून बरोबरीत सोडवली. तोवर अंधार पडला आणि नेमके त्याच वेळी दिवे गेले. शेवटची कुस्ती रद्द झाली. तिच्यासाठी पारोळ्याहून एक पैलवान सकाळपासून येऊन बसला होता. मी त्याला हौदाच्या कडेला बघितलं होतं. खांद्यावर टॉवेल, पोटऱ्यांना माती चोळलेली, आणि कोणाशी न बोलता सारखा एक गुडघा हलवत होता. कमिटीने त्याला नारळ आणि गाडीभाडं देऊन वाटेला लावलं.

रात्री वरण-बट्टीची पंगत बसली. सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, पाठ लागली होती की नव्हती. नानामामांनी ताटाला हात लावायच्या आधी विचारलं, "तो पारोळावाला जेवना का?"

कोणालाच माहीत नव्हतं.

माझा भाचा जळगावात इंजिनिअरिंगला आहे. रात्री-बेरात्री मोबाईलवर बॉक्सिंग बघतो आणि सकाळी मला मेसेज टाकतो. डिसेंबर २०२४ मध्ये युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकने रियाधला टायसन फ्युरीला दुसऱ्यांदा हरवलं, तेव्हा त्याने विचारलं, "मामा, उसिकला आता थोर म्हणायचं का? आणि एकदा हरलेल्याला परत चान्स द्यायचाच कशाला?" त्याला हे दोन प्रश्न वाटत होते. मला विचाराल तर तो एकच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर रिंगमधल्या दोघांकडे बघून पूर्ण मिळत नाही. कडेला टॉवेल घेऊन बसलेल्या तिसऱ्याकडे बघावं लागतं.

आधी हिशेब

हेवीवेट म्हणजे २०० पौंडांच्या, साधारण ९०.७ किलोच्या वरचा गट. वर मर्यादा नाही, त्यामुळे शंभर किलोचा गडी सव्वाशे किलोच्या गड्यासमोर उभा राहू शकतो. बाकी गटांतल्या चॅम्पियनला 'तुझ्यापेक्षा जड माणसासमोर काय करशील?' असं चिडवता येतं. हेवीवेटला ते विचारायला वरच्या गटात कोणी नसतंच. म्हणून थोरवीवरून एवढी भांडणं याच गटात होतात.

किताबाची लढत बारा राऊंडांची असते. तीन मिनिटं लढायचं, एक मिनिट बसायचं. १९८० च्या दशकापर्यंत पंधरा राऊंड असायचे. नॉकआउट झाला किंवा रेफरीने लढत थांबवली तर विषय तिथेच संपतो. दोघेही शेवटपर्यंत उभे राहिले तर मात्र निकाल तीन जजांच्या कागदावर जातो. राऊंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. कोणी एकदा खाली पडला तर सहसा १०-८. यात एक मेख आहे. एखादा राऊंड समोरच्याला पार धुवून काढून जिंकला आणि दुसरा केसभराने जिंकला, तरी कागदावर बहुतेक वेळा दोन्ही १०-९च लागतात. म्हणजे पाच राऊंड धू-धू धुणारा माणूस सात राऊंड थोडक्यात मारणाऱ्याकडून ११५-११३ असा हरू शकतो. त्यात तिघे जज रिंगच्या तीन वेगवेगळ्या बाजूंना बसतात. एकाला ठोसा गालावर बसताना दिसतो, दुसऱ्याला त्याच क्षणी फक्त मारणाऱ्याची पाठ दिसते.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे १३ मार्च १९९९ ची न्यूयॉर्कची लढत. ब्रिटनचा लेनॉक्स लुईस विरुद्ध अमेरिकेचा इव्हँडर होलीफिल्ड. लांब हाताचा लुईस डाव्या जॅबने, म्हणजे झटपट सरळ ठोशाने, होलीफिल्डला रात्रभर लांब ठेवत होता. ठोसे मोजणाऱ्यांच्या हिशेबाने लुईसचे ३४८ ठोसे बसले, होलीफिल्डचे १३०. निकाल? एका जजने लुईसला ११६-११३ दिलं, दुसऱ्याने ११५-११५, आणि तिसऱ्या कागदावर होलीफिल्ड ११५-११३ ने पुढे. लढत बरोबरीत. त्या तिसऱ्या कागदावर पाचवा राऊंडही होलीफिल्डला दिलेला होता, आणि पाचव्यात लुईसने त्याला दोरांवर दाबून बडवलं होतं. मी त्या लढतीचं रेकॉर्डिंग तीनदा बघितलंय. पाचवा राऊंड होलीफिल्डला देण्यासाठी नेमकं काय बघावं लागतं ते मला अजून सापडलेलं नाही.

इथे 'पुन्हा लावा' म्हणणं रास्तच होतं. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला लास वेगासला पुन्हा लावली आणि लुईस तिन्ही कागदांवर जिंकला. गंमत म्हणजे दुसरी लढत पहिलीपेक्षा जास्त चुरशीची झाली, असं म्हणणारे बरेच आहेत.

रिमॅच आकाशातून पडत नाही

हेवीवेटचे चार मोठे पट्टे, म्हणजे किताब, आहेत: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. चार वेगळ्या संघटना, चार वेगळ्या क्रमवाऱ्या. प्रत्येक संघटना क्रमवारीतल्या एकाला 'मँडेटरी' म्हणजे हक्काचा आव्हानवीर ठरवते. चॅम्पियनने ठरावीक मुदतीत त्याच्याशी लढायचं, नाहीतर पट्टा सोडायचा. ही झाली रांग.

दुसऱ्या बाजूला असतो करार. नावाजलेला चॅम्पियन नवख्याशी लढताना करारात एक कलम घालून घेतो: मी हरलो तर तू पुढची लढत माझ्याशीच लढशील. याला रिमॅच क्लॉज म्हणतात. रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना हा प्रकार समजावून सांगायची गरज नाही. व्यापारी म्हणतो, भाव पडला तर माल उचलायचा की नाही ते मी बघेन, पण भाव चढला तर तू दुसऱ्याला विकायचा नाही. नवखा सही करतो, कारण सही केली नाही तर लढतच मिळत नाही.

एकीकडे रांग, दुसरीकडे करार. दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत, आणि सगळा तंटा इथून सुरू होतो.

जुन्या लोकांना या कलमाचा वेगळाच संशय यायचा. हरलं तरी दुसरी, अधिक गल्ल्याची लढत हातात असेल तर पहिली जीव तोडून लढायची कशाला? १९६४ मध्ये कॅशियस क्लेने, म्हणजे पुढच्या मुहम्मद अलीने, मायामीत सनी लिस्टनला हरवलं. लिस्टन सातव्या राऊंडला स्टुलावरून उठलाच नाही. नंतर दोघांची रिमॅच ठरली तेव्हा डब्ल्यूबीएने अशा थेट परत लढतींना आपला विरोध असल्याचं सांगून अलीचा किताब काढून घेतला. रिमॅच २५ मे १९६५ ला मेन राज्यातल्या लुइस्टन नावाच्या गावात, अडीच हजारांहूनही कमी प्रेक्षकांसमोर झाली. पहिल्याच राऊंडमध्ये, बऱ्याच जणांना दिसलाच नाही अशा ठोशावर लिस्टन पडला. साठ वर्षं होऊन गेली, तो ठोसा खरंच बसला का यावर लोक अजून भांडतात. आमच्या पाठीच्या वादासारखंच. संशय मिटवायला लावलेली लढत पहिलीपेक्षा जास्त संशय ठेवून गेली.

तर परत लढती साधारण दोन जातीच्या असतात. एक, निकालच वादात आहे म्हणून. लुईस-होलीफिल्ड ही ती. त्याआधीचं मोठं उदाहरण १९४७ च्या डिसेंबरातलं. जो लुईने (हा वेगळा, अमेरिकेचा, १९३७ ते १९४९ चॅम्पियन) जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध दोनदा जमीन बघितली. निकाल वाचायच्या आधीच लुई रिंगमधून निघायला लागला होता, हरलोच असं समजून. पण तिघांपैकी दोघांनी त्याला जिंकवलं आणि मैदानाने हुर्यो उडवली. सहा महिन्यांनी लुईने वॉलकॉटला पुन्हा बोलावलं आणि अकराव्या राऊंडमध्ये नॉकआउट केलं. अशा रिमॅचबद्दल माझी काही तक्रार नाही. पहिला निकाल कच्चा होता, तो पक्का करून घेतला.

दुसरी जात म्हणजे निकाल स्वच्छ आहे, पण हरलेल्याकडे कागद आहे. एप्रिल २००१ मध्ये लेनॉक्स लुईस दक्षिण आफ्रिकेत उशिरा पोचला. त्याआधी एका हॉलिवूड सिनेमात छोटंसं काम करत होता. जोहान्सबर्गजवळच्या उंचावरच्या हवेत हसीम रहमानने त्याला पाचव्या राऊंडमध्ये एका उजव्या ठोशात आडवा केला. यात वाद कसला? पण करारात कलम होतं. रहमानला दुसरीकडे जायचं होतं, तर लुईस अमेरिकेतल्या न्यायालयात गेला आणि जिंकला. नोव्हेंबरमध्ये चौथ्या राऊंडमध्ये रहमान आडवा. २०१९ मध्ये ब्रिटनचा चॅम्पियन अँथनी जोशुआ आणि अँडी रुईझचंही असंच झालं. रुईझ मुळात दुसऱ्याच्या जागी ऐनवेळी आलेला, त्याने न्यूयॉर्कला जोशुआला चार वेळा खाली पाडून हरवलं. सहा महिन्यांनी सौदीत रिमॅच झाली तेव्हा रुईझ सात किलोने आणखी जाड होऊन आला आणि बारा राऊंड जोशुआच्या मागे धावत राहिला. त्या सहा महिन्यांत आपण खूप मौजमजा केली, हे त्याने नंतर स्वतःच कबूल केलं. अशा माणसावर राग येत नाही. घरात पहिल्यांदाच पैसा आला की तूर विकून बुलेट घेणारे आपल्याकडेही कमी नाहीत.

पारोळावाला

आता त्या तिसऱ्याकडे येऊ.

फेब्रुवारी १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्स नावाच्या पोराने, व्यावसायिक कारकिर्दीतल्या फक्त आठव्या लढतीत, अलीला हरवलं. डब्ल्यूबीसीच्या रांगेत पुढे होता केन नॉर्टन. स्पिंक्सने अलीला परत लढत द्यायची ठरवली, कारण अलीबरोबरच्या लढतीत जेवढा पैसा होता तेवढा दुसऱ्या कोणाबरोबर नव्हता. डब्ल्यूबीसीने स्पिंक्सचा पट्टा काढला आणि नॉर्टनला घरबसल्या चॅम्पियन जाहीर केलं. तीन महिन्यांनी नॉर्टन पंधरा राऊंडांच्या लढतीत लॅरी होम्सकडून निसटता हरला. नॉर्टनने अलीचा जबडा मोडला होता, १९७३ मध्ये. १९७६ ला यांकी स्टेडियममध्ये अलीविरुद्ध तो जिंकला होता असं आजही पुष्कळ लोक मानतात. तरी हेवीवेटचा किताब रिंगमध्ये जिंकायचं त्याच्या नशिबात आलं नाही. कागदावर मिळालेला पट्टा आणि त्याचे ते तीन महिने, एवढंच.

आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये टायसन फ्युरीने चॅम्पियन व्लादिमीर क्लिचकोला हरवलं आणि दोन आठवड्यांच्या आत आयबीएफने त्याचा पट्टा काढला, कारण फ्युरी करारातल्या रिमॅचला बांधलेला होता आणि आयबीएफची रांग वेगळी होती. ती रिमॅच शेवटी झालीच नाही. २०२४ मध्ये उसिकचं तेच. मे महिन्यात फ्युरीला हरवून तो चारही पट्टे एकत्र धरणारा पहिला हेवीवेट झाला, आणि जूनमध्ये आयबीएफचा पट्टा सोडून बसला, कारण पुढची लढत फ्युरीशी ठरलेली होती. डॅनियल डुबॉइस आयबीएफचा चॅम्पियन झाला. नॉर्टनसारखाच, बसल्या जागी. मे ते जून! चार पट्टे एकत्र यायला एवढी वर्षं लागली आणि दोन महिनेही टिकले नाहीत म्हणा ना.

कधी कधी मात्र तिसऱ्याचं नशीब उलटं फिरतं. फ्युरी आणि डिऑन्टे वाइल्डर २०१८ ला बरोबरीत सुटले, २०२० ला फ्युरीने सातव्या राऊंडमध्ये वाइल्डरला संपवलं. इतकं स्वच्छ संपवलं की तिसऱ्या लढतीची गरजच नव्हती. फ्युरी ऑगस्ट २०२१ मध्ये जोशुआशी लढणार असल्याचं जाहीर करून मोकळा झाला. पण वाइल्डरकडे कागद होता. लवादाने मे २०२१ मध्ये निकाल दिला, तिसरी लढत द्यावीच लागेल. जोशुआ मोकळा राहिला. डब्ल्यूबीओच्या रांगेत उभा होता उसिक. त्याला बोलावणं आलं, आणि सप्टेंबरमध्ये लंडनला त्याने जोशुआचे सगळे पट्टे काढून घेतले. म्हणजे वाइल्डरच्या हट्टाने उसिकचं दार उघडलं. तिसऱ्या फ्युरी-वाइल्डर लढतीबद्दल माझं तोंड बंद आहे, कारण ती बघायला मिळाली याचा मला आनंदच आहे. वाइल्डर तीनदा पडला, फ्युरी चौथ्या राऊंडमध्ये दोनदा पडला, अकराव्यात संपलं. न्यायाने बघितलं तर ती लढत व्हायला नको होती. डोळ्यांना विचारलं तर उत्तर वेगळं येतं.

या सगळ्यात एका माणसाला मी उगाच बदनाम झालेला समजतो: बस्टर डग्लस. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत त्याने माइक टायसनला दहाव्या राऊंडमध्ये पाडलं. टायसनच्या गोटाने कांगावा केला की आठव्यात डग्लस पडला तेव्हा रेफरीने हळू मोजलं, निकाल फिरवा, नाहीतर परत लढत द्या. डग्लसने रिमॅच दिली नाही. तो लढला होलीफिल्डशी, जो कधीपासून रांगेत पहिला उभा होता, आणि तिसऱ्या राऊंडमध्ये हरला. लोक म्हणतात, एका रात्रीचा राजा, लठ्ठ होऊन आला, पैसे घेऊन गेला. लठ्ठ होऊन आला हे खरं, मानधनही दांडगं होतं. पण पारोळावाल्याला जेवू घालणारा तोच निघाला, हेही तितकंच खरं.

मग थोर कोण?

भाच्याचं लाडकं नाव रॉकी मार्सियानो. ४९ लढती, ४९ विजय, त्यातले ४३ नॉकआउट, १९५६ ला निवृत्त. "मामा, शून्य पराभव. विषय कट."

विषय इतका सहज कट होत नाही. मार्सियानोने हरवलेल्या मोठ्या नावांची वयं बघा. १९५१ ला जो लुई ३७ चा. १९५२ ला वॉलकॉट ३८ चा. शून्य राखायला माणूस बरोबर वेळी यावा लागतो आणि बरोबर वेळी उठून जावा लागतो. तरीही मी मार्सियानोला मोठाच मानतो, पण शून्यासाठी नव्हे. वॉलकॉटविरुद्ध पहिल्याच राऊंडमध्ये तो पडला होता आणि तेराव्या राऊंडपर्यंत तिन्ही कागदांवर मागे होता. तिथून एका उजव्या ठोशात त्याने किताब घेतला. मग वॉलकॉटला रिमॅच दिली, पहिल्या राऊंडमध्ये संपवलं. एझार्ड चार्ल्सने १९५४ च्या जूनमध्ये त्याला पंधरा राऊंड झुंजवलं, तर तीन महिन्यांनी चार्ल्सलाही परत बोलावलं. त्या लढतीत मार्सियानोचं नाक असं फाटलं की रक्त थांबेना, आणि आठव्यात त्याने चार्ल्सला आडवा केला. ज्याने सगळ्यात जास्त छळलं त्यालाच पुन्हा समोर उभं केलं, हे मला ४९ पेक्षा मोठं वाटतं.

शून्याचा मोह किती वाईट ते लॅरी होम्सला विचारा. ४८-० वर तो ३५ वर्षांचा होता, अजून एक जिंकला असता तर मार्सियानोची बरोबरी. १९८५ ला मायकल स्पिंक्सने, त्या लिऑनच्या धाकट्या भावाने, त्याला गुणांवर हरवलं. रिमॅचमध्येही स्पिंक्सलाच निकाल, तोही वादग्रस्त. लोकांच्या लक्षात तो ४८ चा आकडा राहिला. सात वर्षं होम्सने गडी मागून गडी घेतले, ते कोणी मोजत नाही.

म्हणून मी भाच्याला सांगतो, पराभव मोजू नकोस, पराभवानंतरची तारीख बघ. जो लुईला १९३६ मध्ये जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने बाराव्या राऊंडमध्ये नॉकआउट केलं. दोन वर्षांनी, २२ जून १९३८ ला, लुईने त्याला १२४ सेकंदांत संपवलं. हिटलरचा काळ, यांकी स्टेडियममध्ये सत्तर हजार माणूस, त्यामुळे ती लढत दंतकथा झाली. पण तिच्या पोटात एक तिसऱ्याची गोष्ट आहे, आणि इथे तिसरा चक्क श्मेलिंग आहे. १९३६ च्या विजयानंतर चॅम्पियन जेम्स ब्रॅडॉकशी लढायचा हक्क त्याचा होता. ब्रॅडॉकच्या गोटाने मात्र लुईशी सौदा केला. किताब नाझी जर्मनीत गेला तर परत येणार नाही ही भीती होतीच, शिवाय लुईच्या पुढच्या कमाईतला हिस्साही मिळणार होता. जून १९३७ मध्ये लुई चॅम्पियन झाला. म्हणजे सगळ्यांना आवडणाऱ्या या नायकाच्या किताबाखालीही रांग मोडलेली आहे. लुईने नंतर पंचवीस वेळा किताब राखला, तो विक्रम हेवीवेटमध्ये अजून तुटलेला नाही. रांग मोडूनही माणूस थोर असू शकतो. श्मेलिंगला स्वतःसमोर उभं केल्याशिवाय आपण खरे चॅम्पियन नाही असं लुई मानायचा, म्हणून मी त्याला माफ करतो.

सगळ्यांना असं माफ करता येत नाही. १९२० च्या दशकात जॅक डेम्प्सी चॅम्पियन असताना हॅरी विल्स वर्षानुवर्षं दारात उभा होता. काळा म्हणून त्याला लढत मिळाली नाही. तिथे रिमॅचचा प्रश्नच आला नाही, पहिलीच मॅच नाकारली गेली. डेम्प्सीचे नॉकआउट कितीही बघा, त्या पानावर विल्सचं नाव नसल्याचा डाग राहतोच.

लेनॉक्स लुईसचं पान माझ्या मते सगळ्यात स्वच्छ, जवळजवळ. ४१ विजय, २ पराभव, १ बरोबरी. ज्या दोघांनी हरवलं, मॅककॉल आणि रहमान, दोघांनाही परत हरवलं. ज्याच्याशी बरोबरीत सुटला, त्या होलीफिल्डलाही. 'जवळजवळ' एवढ्यासाठी की त्याची शेवटची लढत, जून २००३, व्हिताली क्लिचकोशी. सहा राऊंडांनंतर व्हिताली तिन्ही कागदांवर ५८-५६ ने पुढे होता, पण डोळ्यावरची जखम इतकी खोल होती की डॉक्टरने थांबवलं. सगळं जग 'परत लावा' म्हणत होतं. लुईसने काही महिन्यांनी निवृत्ती जाहीर केली. अलीनेही जॉर्ज फोरमनला १९७४ च्या किन्शासातल्या लढतीत हरवल्यानंतर पुन्हा कधी समोर घेतलं नाही. थोरांनाही कोणत्या दारावर टकटक करू नये ते कळतं.

आपल्याकडे चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरीने २०१४ पासून सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीची गदा आणली. तिथे करार नाही, कलम नाही. हरलास तर पुढच्या वर्षी जिल्ह्यातून निवड होऊन ये. रांग सगळ्यांची एकच. पण पंचाच्या एका हाताने वर्ष जातं, आणि २०२५ ला अहिल्यानगरला पंचाच्या निर्णयावरून मैदानात कसा राडा झाला ते सगळ्यांनी मोबाईलवर बघितलंच. बॉक्सिंगवाल्यांना आपली रांग हवी, आपल्याला त्यांचा रिप्ले.

उसिकचं म्हणाल तर त्याने जोशुआशी दोनदा, फ्युरीशी दोनदा, डुबॉइसशी दोनदा लढून सहाही लढती जिंकल्या. त्यातली डुबॉइसशी पहिली, २०२३ ची, वादातली होती. पाचव्या राऊंडमध्ये बसलेला ठोसा पट्ट्याखाली होता असं रेफरीने ठरवलं, उसिकला सावरायला जवळपास चार मिनिटं मिळाली आणि नवव्यात त्याने लढत संपवली. डुबॉइसची तक्रार खरी की खोटी यावर दोन वर्षं चर्चा चालली. जुलै २०२५ ला वेम्ब्लीत उसिकने त्याला पाचव्या राऊंडमध्ये झोपवलं आणि जून २०२४ ला सोडलेला आयबीएफचा पट्टाही परत नेला. माझ्या वहीत तो लुईसच्या शेजारी बसतो. हेवीवेटमध्ये त्याच्या एकूण लढती कमी आहेत, म्हणून वरती नाही.

हे सगळं भाच्याला एका मोठ्या व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं. उसिकवर तो काही बोलला नाही. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, "मामा, त्या पारोळ्याच्या पैलवानाचं नाव काय होतं?"

नानामामा जाऊन अकरा वर्षं झाली. आईला फोन लावला. ढाक लावणारा कोण, पडलेला कोण, दोघांची गावं, दोघांचे वस्ताद, तिने घडाघडा सांगितले. पारोळावाल्याचं नाव विचारलं तर म्हणाली, थांब, तुझ्या मामीला विचारते. मामीलाही आठवेना.